फोटो आपोआप कापताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे अल्बम लावणारे, फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करणारे, तहसीलसमोर पासपोर्ट फोटो काढून देणारे. संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत ज्यांच्याकडे रोज कुणाचा तरी फोटो कापायला येतो, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कापणं म्हणजे इथे फोटोतला माणूस किंवा वस्तू मागच्या पार्श्वभूमीपासून सुटी करणं. उदाहरणं बहुतेक फोटोशॉपची घेतली आहेत, कारण दुकानांत तेच जास्त चालतं. मोफत साधनांबद्दल पुढे लिहिलं आहे.

फोटोतला मुख्य माणूस किंवा वस्तू आपोआप निवडणारं सिलेक्ट सब्जेक्ट दाबल्यावर नेमकं काय होतं? मॅजिक वाँडही आपोआपच निवडायचा की.

मॅजिक वाँड फोटोशॉपच्या १९९० सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि त्याला फक्त रंग कळतो. जिथे क्लिक केलं तिथल्या रंगाशी जुळणारे पिक्सेल तो गोळा करतो. किती फरक चालवून घ्यायचा ते टॉलरन्स ठरवतं, आणि ते मुळात ३२ वर असतं. भगवा फेटा आणि मागे झेंडूच्या माळा असल्या की सिलेक्शन फेट्यातून निघून सरळ मांडवात शिरतं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ग्रॅबकट ही पद्धत मांडली. त्यात वस्तूभोवती चौकट आखली की आतल्या आणि बाहेरच्या रंगांचा हिशेब लावून कड शोधली जाते. ती बरीच हुशार आहे, पण तिचाही आधार रंगच.

सिलेक्ट सब्जेक्टमागचं मशीन लर्निंगचं मॉडेल मात्र आकार ओळखतं. कड आधीच आखून दिलेले असंख्य फोटो पाहून ते शिकलेलं असतं: डोक्याखाली मान येते, मानेखाली खांदा, खांद्यावर उपरणं असू शकतं. त्यामुळे फेटा आणि झेंडू एकाच रंगाचे असले तरी फेटा कुठे संपतो याचा अंदाज ते बांधू शकतं. मॉडेल प्रत्येक पिक्सेलसाठी 'हा वस्तूचा असण्याची शक्यता किती' असा एक आकडा देतं. तेच आकडे मास्कमध्ये, म्हणजे कोणता भाग दिसायचा आणि कोणता लपायचा ते ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रात, ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा असे दिसतात. मधला राखाडी म्हणजे एक तर तिथे खरंच केस किंवा जाळी आहे, नाही तर मॉडेलला खात्री नाही. यातलं कोणतं, हे फोटो मोठा करून डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

सिलेक्ट सब्जेक्ट, ऑब्जेक्ट सिलेक्शन आणि रिमूव्ह बॅकग्राऊंड यांतलं कोणतं कधी वापरायचं?

फोटोत एकच माणूस किंवा एकच ठळक वस्तू असेल तर सिलेक्ट सब्जेक्ट. हे जानेवारी २०१८ पासून आहे. स्टेजवर दहा जण उभे आहेत आणि त्यातला फक्त नवरदेव हवा असेल तर ऑब्जेक्ट सिलेक्शन टूल. ते नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं आणि डब्ल्यू कळीखालीच सापडतं. त्यात ज्याला निवडायचं त्याच्याभोवती चौकट ओढायची. माणसं खेटून उभी असतील तर वरच्या पट्टीत रेक्टँगल बदलून लॅसो करा आणि हाताने सैलसर वेढा घाला, शेजाऱ्याचा खांदा आत येत नाही. रिमूव्ह बॅकग्राऊंड म्हणजे सिलेक्ट सब्जेक्ट करून लगेच मास्क लावणं. घाईच्या कामाला ठीक, पण कड सुधारायला मास्कमध्ये परत यावंच लागतं.

सिलेक्ट सब्जेक्टच्या बाजूच्या बाणात डिव्हाईस आणि क्लाऊड असे दोन पर्याय दिसतात. डिव्हाईस लवकर उरकतं, क्लाऊड केसांसारखी बारीक कड जास्त चांगली देतं. पण क्लाऊडला नेट लागतं आणि फोटो तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जातो.

लग्नाचा फोटो कापायचा तर क्रम कसा ठेवावा?

आधी मूळ फोटोची लेयर कंट्रोल आणि जे दाबून दुप्पट करा. सिलेक्ट सब्जेक्ट करा. सुटलेला भाग शिफ्ट धरून जोडा, जास्तीचा आलेला ऑल्ट धरून वजा करा. मग ऑल्ट, कंट्रोल आणि आर एकत्र दाबून सिलेक्ट अँड मास्कमध्ये जा. तिथे व्ह्यू एकदा काळ्यावर आणि एकदा पांढऱ्यावर बघायचा. काळ्या केसांची घाण पांढऱ्यावर दिसते, पांढऱ्या सदऱ्याची काळ्यावर. एकाच व्ह्यूवर समाधान मानून पुढे गेलात तर अर्धे दोष छापून आल्यावर दिसतात.

रिफाइन हेअर एकदा दाबा. मग रिफाइन एज ब्रश फक्त केसांच्या कडेवर फिरवा. कपड्यावर, गालावर, दागिन्यावर तो फिरवू नका, तिथली कड विरघळते. फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, ०.३ ते ०.५ पिक्सेल पुरे. शिफ्ट एज उणे १० ते उणे २० टक्के, म्हणजे कड थोडी आत सरकते. आउटपुट 'न्यू लेयर विथ लेयर मास्क' असाच ठेवा.

आणि इरेझर वापरू नका. इरेझरने पुसलेला कान परत येत नाही. मास्कवर काळा ब्रश फिरवला तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतो. ग्राहक आठ दिवसांनी येऊन 'दादा, माझ्या मुलाची करंगळी कुठे गेली' म्हणाला, तर मास्क असलेली फाईल दोन मिनिटांत दुरुस्त होते.

मुंडावळ्या, फेट्याचा तुरा, नथ हमखास का कापले जातात?

कारण मॉडेल तुमचा फोटो आहे त्या आकारात बघत नाही. आधी ते तो लहान करून घेतं. मोफत साधनांत लोकप्रिय असलेलं यू-टू-नेट हे २०२० सालचं मॉडेल फोटो ३२० गुणिले ३२० पिक्सेलचा करून बघतं. मेटाचं सेगमेंट एनीथिंग लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणतं. हिशेब करून बघा. कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात मुंडावळीची सर १२ पिक्सेल जाड आहे. १०२४ वर आणल्यावर ती जेमतेम २ पिक्सेलची उरते. ३२० वर आणल्यावर एका पिक्सेलपेक्षाही कमी, म्हणजे मॉडेलच्या डोळ्यांपुढे ती नाहीच. जे दिसलंच नाही ते निवडलं जाणार कसं?

दुसरं कारण शिकवणीचं आहे. कोको या, वस्तू आखून दिलेल्या फोटोंच्या, २०१४ सालच्या संचावर अनेक मॉडेल तयार झाली. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत: माणूस, छत्री, टाय, सुटकेस. बाशिंग आणि मुंडावळ्या त्यात नाहीत. कपाळावरून गालाशी लोंबणारी मोत्यांची सर हा माणसाचा भाग की मागच्या पडद्याचा, हे मॉडेलला कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, चेहऱ्याभोवतीचा साधारण १५०० पिक्सेलचा चौकोन कापून वेगळी फाईल करा आणि सिलेक्ट सब्जेक्ट त्या तुकड्यावर चालवा. आता १२ पिक्सेलची सर १०२४ च्या मापातही ८ पिक्सेलची राहते आणि बऱ्याचदा पकडली जाते. तो मास्क मूळ फाईलमध्ये त्याच जागी आणून बसवायचा.

दुसरा उपाय जास्त भरवशाचा. पेन टूल घ्या आणि सरीच्या मधोमध एक पाथ ओढा, वरून खाली, जशी ती लोंबते तशी. मास्कवर क्लिक करा. ब्रश कडक काठाचा, सरीच्या जाडीएवढा, इथे १२ पिक्सेल, आणि रंग पांढरा. पाथ्स पॅनेलमधून स्ट्रोक पाथ द्या. अख्खी सर एका झटक्यात मास्कमध्ये परत येते. मग २०० टक्के मोठं करून दोन मण्यांच्या मधला मागचा रंग ३ पिक्सेलच्या काळ्या ब्रशने टिपून घ्या. तुळजापूरहून आलेल्या आराधी भक्ताच्या गळ्यातली कवड्यांची माळ छातीवर टेकलेली असेल तर काही करावं लागत नाही. पण ती हातातून हवेत लोंबत असेल तर हीच पद्धत, फक्त ब्रश कवडीएवढा.

नथीचं वेगळं आहे. ती गालावर असेल तर शरीराच्या आतच असते, कापली जात नाही. बाजूने काढलेल्या फोटोत ती नाकाबाहेर येते, तेव्हा मात्र हातानेच आखा. एवढ्या लहान वस्तूसाठी यंत्राशी झगडण्यात अर्थ नाही.

केस कापले तरी कडेला हिरवी किंवा पांढरी रेघ का राहते?

केसाच्या टोकाशी एका पिक्सेलमध्ये थोडा केस असतो आणि थोडा मागचा लॉनचा हिरवा रंग. दोन्ही मिसळूनच तो पिक्सेल बनलेला असतो. मास्क तो पिक्सेल अर्धा पारदर्शक करतो, पण त्यातला हिरवा रंग काढत नाही. म्हणून नव्या लाल पार्श्वभूमीवर तोच हिरवा उठून दिसतो. सिलेक्शन बरोबर असूनही हा दोष येतो, तेव्हा पुन्हा पुन्हा सिलेक्शन करून तो जात नाही.

सिलेक्ट अँड मास्कमधलं डिकंटॅमिनेट कलर्स हे कडेच्या पिक्सेलला आतल्या केसांचा रंग देतं. ते ५० टक्क्यांपासून सुरू करा. शंभरवर नेलं तर केसांभोवती रंगाचे ठिपके उठतात. ते पिक्सेलचा रंगच बदलतं, म्हणून आउटपुट नवीन लेयरवर घेणं भाग असतं. हाताने करायचं तर फोटोच्या वर नवी लेयर क्लिप करा, ब्लेंड मोड कलर ठेवा, ऑल्ट धरून केसांचा रंग उचला आणि मऊ ब्रशने कडेवरून फिरवा. वेळ जास्त लागतो, निकाल जास्त नैसर्गिक येतो.

मास्कमध्ये धुरकट राखाडी उरलं असेल तर ब्रशचा मोड ओव्हरले करा आणि काळ्याने हलकेच फिरवा. गडद राखाडी काळं होत जातं, पांढऱ्याला धक्का लागत नाही. ही युक्ती फार कमी जण वापरतात, आणि केसांच्या कामात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नीट का कापला जात नाही?

तो फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो. जेपीजीत चित्र ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकटींत मोडलं जातं, आणि रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवली जाते. लाल शालूची कड म्हणूनच पायऱ्यापायऱ्यांची दिसते. मॉडेल त्या पायऱ्या इमानदारीने पकडतं. ग्राहकाला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. जुना फोटो असेल आणि मूळ प्रत मिळणारच नसेल, तर कापल्यावर सिलेक्ट अँड मास्कमध्ये स्मूद ५ ते १०, फेदर १ पिक्सेल ठेवा, आणि केस एक-एक वेगळे काढायचा नाद सोडा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी असेच फोटो येतात, बऱ्याचदा आधार कार्डावरून किंवा ग्रुप फोटोतून काढलेले. तिथे केसांची कड साधी गोलाकार ठेवलेली बरी दिसते, घरच्यांना चेहरा स्पष्ट हवा असतो.

वेरूळची मूर्ती किंवा बीबी का मकबरा कापायला गेलं की मॉडेल गोंधळतं. का?

कैलास लेणं, म्हणजे क्रमांक १६, एकाच बसाल्ट कड्यातून कोरलेलं आहे. मूर्ती, मागची भिंत आणि खालचा चौथरा, सगळा दगड एकच, रंग एकच. रंगाचा फरक नाही, आणि मूर्ती भिंतीपासून सुटी नाही, त्यामुळे 'वस्तू कुठे संपते' या प्रश्नाला मॉडेलकडे उत्तर नसतं. सेगमेंट एनीथिंगसारखं मॉडेल एका टिचकीवर तीन मास्क देतं: संपूर्ण, भाग आणि भागाचा भाग. मूर्तीच्या छातीवर टिचकी मारली तर एकात अख्खी भिंत येते, एकात धड, एकात फक्त हार. त्यातलं जवळचं निवडा, सुटलेल्या जागी जास्तीचे बिंदू द्या, नको त्या जागी वजा बिंदू द्या. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला फोटो असेल तर मूर्तीची सावली भिंतीवर पडलेली असते, तीच कड ठरवायला मदत करते. भर दुपारच्या सपाट उजेडातल्या फोटोवर पेन टूलच चालवा.

मकबऱ्याचा त्रास उलटा आहे. मे महिन्यातलं आकाश धुरकट पांढरं, घुमटही पांढरा. चॅनेल्स पॅनेलमध्ये लाल, हिरवा, निळा एकेक करून बघा. उन्हात घुमट किंचित पिवळसर असतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो आकाशापेक्षा गडद दिसतो. त्या चॅनेलची कॉपी करून लेव्हल्सने फरक ताणा, त्यावरून मास्क बनवा. मिनारांची टोकं तेवढी हाताने तपासा.

देवणी बैल, लाल कंधारी गाय, उस्मानाबादी शेळी यांचे विक्रीचे फोटो कापताना पाय का गायब होतात?

माळेगावच्या यात्रेतले किंवा हाळीच्या बाजारातले फोटो गर्दीत काढलेले असतात आणि खाली कडबा, शेण, सावली असते. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, सावलीही काळी, म्हणून गुडघ्याखालचं सगळं मॉडेल जमिनीत धरतं. वरून, कोको संचात गाय, घोडा, मेंढी आहेत, पण शेळी नाही. फोटोच्या वर कर्व्हज लेयर टाकून सावल्या चांगल्या उजळा, ऑब्जेक्ट सिलेक्शनमध्ये 'सँपल ऑल लेयर्स' चालू करा, मग चौकट ओढा. उजळलेल्या चित्रावर पाय दिसतात आणि निवडले जातात. मास्क मूळ लेयरला लावून कर्व्हज लेयर काढून टाका.

कासरा आणि वेसण ठेवायची की नाही ते मालकाला आधी विचारा. शिंगांची टोकं तपासा, पांढऱ्या आकाशावर ती झिजल्यासारखी कापली जातात आणि बैल बघणारा पहिल्यांदा शिंगंच बघतो. खाली पायाशी सावली नसेल तर जनावर हवेत तरंगल्यासारखं दिसतं. कापलेल्या लेयरच्या खाली नवी लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय, मऊ काळा ब्रश २० ते ३० टक्के, खुरांना चिकटून एक दाट फटका आणि बाहेर एक विरळ. माणसांच्या उभ्या फोटोलाही हेच.

पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी अशी बदलली तर चालते का?

फॉर्मवर काय लिहिलंय ते आधी वाचा, काही ठिकाणी एडिट केलेला फोटो नाकारतात. सगळ्यात चांगलं म्हणजे मागे पांढरा पडदा लावूनच काढावा आणि सॉफ्टवेअरने फक्त पडद्याच्या सुरकुत्या घालवाव्यात. माप ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल. ४ गुणिले ६ इंचाच्या कागदावर आठ बसतात. कान, टिकली, चष्म्याची काडी कापली गेली नाही ना ते बघा. चेहऱ्याला हात लावू नका.

मोफत काय मिळतं?

रेमबीजी हे मुक्त साधन पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, एक फोटो किंवा अख्खं फोल्डर एका आज्ञेत कापून पीएनजी करून देतं. दुकानात भांडी, चपला, साड्यांचे २०० फोटो ऑनलाईन विक्रीसाठी टाकायचे असतील तर यासारखं दुसरं काही नाही. यू-टू-नेटची फाईल सुमारे १७६ एमबीची, त्याचीच लहान आवृत्ती पाच एमबीहूनही कमी. त्यात मॉडेल बदलता येतं, बिरेफनेट केसांना आणि जाळीला बरंच सरस आहे, पण साध्या कॉम्प्युटरवर संथ चालतं. प्रत्येक मॉडेलचा परवाना वेगळा असतो हे लक्षात ठेवा. आरएमबीजी १.४ हे मॉडेल धंद्यासाठी मोफत नाही.

सेगमेंट एनीथिंग मेटाने एप्रिल २०२३ मध्ये खुलं केलं. १ कोटी १० लाख फोटो आणि ११० कोटींहून जास्त मास्कवर ते तयार झालं आहे. त्याला वस्तूचं नाव ठाऊक नसतं, फक्त कड ठाऊक असते, त्यामुळे आपल्याकडच्या अनोळखी वस्तूंनाही ते बऱ्यापैकी पकडतं. सर्वांत मोठी फाईल अडीच जीबीच्या आसपास, सर्वांत लहान ३७५ एमबी. त्याची कड मात्र जरा बोथट असते, कारण मास्क आधी २५६ गुणिले २५६ चा बनतो आणि मग ताणला जातो. केसांसाठी ते वापरू नका.

गिंपमध्ये फोरग्राऊंड सिलेक्ट आहे. ते शिकलेलं मॉडेल नाही, रंगावर चालतं, पण कडेची पारदर्शकता चांगली काढतं. आयफोनवर आयओएस १६ पासून फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो सुटा होतो, एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन लागतो.

कॉम्प्युटर किती मोठा लागतो?

१६ जीबी रॅम असावी. ग्राफिक्स कार्ड असेल तर काम सेकंदांत होतं, नसेल तरी होतं. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर फोटोशॉपचं ऑटो रिकव्हरी ५ मिनिटांवर ठेवा.

फोटो ऑनलाईन साईटवर टाकून कापून घेतला तर?

साड्यांचे, भांड्यांचे टाका. ग्राहकांच्या घरातल्या मुलींचे, लहान मुलांचे, आधार कार्डाचे टाकू नका. ती फाईल कुठल्या सर्व्हरवर किती दिवस राहते ते तुमच्या हातात नाही, आणि फोटो त्यांनी तुमच्या भरवशावर दिलेला असतो. शिवाय अनेक साईट मोफत प्रत लहान करून देतात, ती फ्लेक्सवर फुटते.

फ्लेक्स आणि अल्बम यांसाठी वेगळं काय करायचं?

१० गुणिले ८ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ८६४० गुणिले ६९१२ पिक्सेल होतो. कापायचं मूळ मापावर, मोठं नंतर करायचं. आधी मोठं केलं तर मॉडेल ते परत लहान करूनच बघणार, फायदा शून्य. फ्लेक्सवर अर्धपारदर्शक केस मळकट डागासारखे छापले जातात, म्हणून मास्कवर लेव्हल्स लावून राखाडी कमी करा. १२ गुणिले ३६ इंचाच्या अल्बम शीटवर ३०० डीपीआयला, म्हणजे १०८०० गुणिले ३६०० पिक्सेलवर, उलट तेच बारीक केस हवेत. एकाच फोटोचे दोन्हीकडे काम असेल तर दोन मास्क ठेवा. शेवटी जेपीजी केली की पारदर्शकता जाते आणि मागे पांढरं येतं, सुटा कापलेला फोटो पुढे वापरायचा तर पीएनजी किंवा मास्कसकट पीएसडी.

कापायला सोपा जावा म्हणून फोटो काढतानाच काय करता येईल?

नवरा-नवरीला पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभं करा, म्हणजे पडद्याचा रंग केसांवर परतत नाही आणि सावली पडद्यावर पडत नाही. हळदीच्या फोटोला पिवळा पडदा लावू नका. मागून खांद्यावर एक लाईट द्या, काळे केस आणि काळा कोट त्याने पार्श्वभूमीपासून सुटतात. शटर १/२०० च्या खाली नेऊ नका, वरातीत नाचणाऱ्याचा हात हलला की तो अर्धा मास्कमध्ये येतो आणि अर्धा जातो. आणि पैठणीचा पदर हातावर पसरून घ्यायला सांगा. चुरगळून मागे लोंबत राहिला तर जरीच्या काठाच्या चमकत्या तुकड्याला मॉडेल दिवा समजून सोडून देतं, आणि मग मोर एक-एक करून हाताने परत आणावे लागतात.